नाव सांग ना

खोटं कशाला बोलू, शनिवारच्या प्रार्थनागटात माझी पाळी आली की सगळ्यांची चुळबुळ सुरू होते. चर्चच्या मागच्या खोलीत बारा प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या असतात आणि गट चालवणारी ताई एकेकीला विचारते, "तुझ्यासाठी काय मागायचं?" माझं ठरलेलं उत्तर: "गणित." सगळ्या "हं" म्हणतात आणि पुढे सरकतात. माझ्या डाव्या हाताची खुर्ची चष्मिसची. ती सोडली तर तिथे माझ्याशी कुणी बोलत नाही.

बाकीच्या एकदाच बोलल्या होत्या. आईचं ऑपरेशन होतं तेव्हा. मिठ्या काय, मेसेज काय, जिच्या शेजारी बसायला सगळ्या धडपडतात, त्या कुरळीने तर मला शेजारी बसवून घेतलं! मग आई ठणठणीत बरी झाली आणि मी परत एकटी. आई बरी झाल्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही हं. बरं, थोडंसं.

या शनिवारी डावीकडची खुर्ची रिकामी होती. का, ते फक्त मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी शाळेच्या जिन्यात चष्मिस रडत रडत म्हणाली होती, "बाबा बॅग घेऊन गेलेत. तीन आठवडे झाले. कुणाला सांगशील तर बघ." मग ती कितीतरी वेळ चष्माच पुसत बसली.

माझी पाळी आली. आधी मी बोलताना अडखळायचे; हल्ली नाही, आवाज खणखणीत निघतो.

"एका मैत्रिणीच्या घरासाठी प्रार्थना करा."

चुळबुळ थांबली. दहा माना माझ्याकडे वळल्या. काय सांगू, किती बरं वाटलं!

"काय झालंय गं?" ताईने हळूच विचारलं.

कुरळी खुर्चीसकट पुढे सरकली. "नाव सांग ना. म्हणजे नेमकी प्रार्थना करता येते."

वाक्य जिभेवर तयार होतं. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की मला आनंद झालाय. चष्मिसच्या रडण्याची गोष्ट सांगायला मी फुलून आले होते! देवाने तर ती जिन्यातच ऐकली होती. नाव हवं होतं कुरळीला. आणि मला हवी होती कुरळी.

"नको," मी म्हणाले. "हा विषय काढायलाच नको होता मी. माझं गणितच धरा."

"एवढं ताणून शेवटी गणित?" कुरळी म्हणाली. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हं," बाकीच्या म्हणाल्या.

नंतर सगळ्या घोळक्याने निघून गेल्या. मी खुर्च्या एकात एक रचल्या. घरी जाताना चष्मिसचं नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना केली. एका कुत्र्याने तेवढं वळून पाहिलं.

संध्याकाळी तिला फोन केला.

"आज काय मागितलंस?"

"गणित."

"परत? देव आता तुला दारावरूनच परत पाठवेल!"

मी हसले. तुझं गुपित मी कसं जिवापाड जपलं, हे अगदी ओठांवर आलं. पुन्हा तोच आनंद, तसाच गोड. म्हणून मी दुसरं सांगितलं, जे अजिबात गोड नव्हतं.

"ऐक ना. तुझा विषय मी अर्धा काढला होता. नाव नाही घेतलं. पण काढला."



"हं," चष्मिस म्हणाली, आणि फोन ठेवला.

पुढच्या शनिवारी मी लवकर गेले आणि तिची खुर्ची माझ्या डावीकडे मांडली.