उंबऱ्यावरून गेलेली तार

पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत तवा कॉम्प्युटर दोनच. एक माझ्याकडं, एक समोर जब्बारभाईकडं. एक छापखाना बंद पडला, तिथून आम्ही पोरींसाठी एकेक उचलून आणला. मी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरणारा, जब्बारभाई सुतार. आम्हाला त्यातलं काय कळतं? माझी पमी अन् त्याची जैनब, दोघी एकाच क्लासला जायच्या.

परीक्षेसाठी दोघींनी एसटीचं कायतरी बनवलेलं. जामनेर टाइप केलं की जामनेरच्या गाड्या दिसायच्या. अर्धं काम पमीच्या मशीनमध्ये, अर्धं जैनबच्या. सर म्हणाले, जोडून आणा, तरच दोघी पास. जैनबचं लग्न धुळ्याला ठरलेलं. नवरा मुलगा नासीर बोललेला, सर्टिफिकेट घेऊन ये, इथल्या क्लासात शिकवायला लाग. पोरीचा सगळा जीव त्यात.

अन् मधेच हळद आली. त्यात जैनबच्या मशीनची फ्लॉपी चालेना, लाकडाचा भुसा गेलेला. मशीनं तर अशी खिळखिळी, की जागची हलवली तर परत चालू होतील याचा भरवसा नाही. मग काम इकडून तिकडं जायचं कसं?

धुळ्याहून आलेली जुबेदाफूफी, जब्बारची मोठी बहीण, दारातच बसलेली. म्हणे, "हळद लागली. आता पोरगी उंबरा ओलांडत नाही."

"नाही ओलांडणार," मी म्हटलं. "तार ओलांडेल."

पमीनं क्लासात पाहिलेलं, दोन मशीनं मागून तारेनं जोडता येतात. तार म्हणजे माझं काम. मी पत्र्यावर चढलो.

खालून गल्लीचे म्हातारे धनसिंगनाना ओरडले, "काय शे रे हाई, सुकदेव? बठ्ठी गल्ली तुन्या बापनी शे का? काढ ती तार!"

"नाना, सगळी गल्ली माझ्या बापाची नाही, पण तुमच्या टीव्हीच्या केबलची तार माझ्याच पत्र्यावरून गेली शे. आधी ती काढू का?"

नाना घरात गेले. सिरियलची वेळ झालेली.

तार जोडली. पमीनं बटणं दाबली. काहीच नाही! परत दाबली. ढिम्म.

खिडकीतून जैनब ओरडली, "चाचा, जोडणी कशी केली?"

"कशी म्हणजे? रंगाला रंग. लालला लाल. जन्मभर तशीच करतो."

"मग बोलायच्या तारेला बोलायचीच तार लागली! दोन्ही मशीनं बोलताहेत, ऐकतं कोण?"

"म्हणजे तुझी फूफी अन् आमचे धनसिंगनाना," मी म्हटलं. जब्बारभाई खोकला आल्यासारखा हसला.

तारा उलट केल्या. याचं तोंड त्याच्या कानाला, त्याचं तोंड याच्या कानाला. सांध्यावर कथलाचा डाग दिला, नीट बसला. आता जैनबनं तिकडून पाठवायचं होतं. ती मशीनपुढं बसली, तशी फूफी उठली. "हळदीच्या हातानं मशीन? लोक काय म्हणतील?" अन् हात थेट भिंतीवरच्या बटणाकडं.

जब्बारभाई मधे जाणार, तेवढ्यात जैनबनं स्वतःच फूफीचं मनगट धरलं. पिवळ्याजर्द हातानं. "फूफी, मी उंबरा ओलांडला?"

"नाही."

"बाहेर पाऊल टाकलं?"

"नाही, पण..."

"मग बटण सोडा. माझं काम माझ्या घरात बसून चाललंय. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू द्या, धुळ्यात येऊन म्हणा म्हणावं."

फूफी तशीच उभी. मनगटावर पाच बोटं पिवळी उमटलेली. ती पुसायचीही विसरली.

इकडून पमी किंचाळली, "आबा, आलं! बठ्ठं आलं!"

दुसऱ्या दिवशी पमी आपल्या मशीनची फ्लॉपी घेऊन एकटीच क्लासला गेली, कागदावर नावं दोघींची. सर म्हणाले, दुसरी कुठंय? पमी म्हणाली, हळदीला बसली, पण काम तिनंच पाठवलंय. सरांनी चालवून पाहिलं अन् दोघींना पास केलं.

सर्टिफिकेट घेऊनच जैनब धुळ्याला गेली. ते मशीन जब्बारभाईकडं अजून आहे, बटणांच्या फटीत हळद बसलेली. अन् तार? नाना रोज सांगतात काढायला. मी काढत नाही.