बिनकामाचा तास

निवाऱ्यात राहणाऱ्या आयांना मंगळवारी दुपारी तासभर माती मिळे. तेवढा वेळ मुलं शेजारच्या खोलीत. मातीवाल्या ताईंचा नियम एकच होता: उपयोगाची वस्तू करायची नाही.

हे काय सोपं आहे? डोक्यावरचं छप्पर गेलेल्या बाईचे हात असे स्वस्थ बसतात होय! त्या आयांतल्या शिंपीणबाईंनी पहिल्या खेपेला साबणदाणी केली. ताईंनी मोडायला लावली. मग मिठाचा वाडगा; तोही मोडला. तिसऱ्या मंगळवारी मात्र हातून एक दाढीवाली कोंबडी उतरली, आणि बाई अशा खदखदून हसल्या की पलीकडे त्यांचं तान्हं दचकून जागं झालं. बिचाऱ्यानं आईचं हसू जन्मात ऐकलं नव्हतं.

नेमके तेव्हाच निवाऱ्याचे व्यवस्थापक आत आले.

"पुढच्या आठवड्यापासून हा तास बंद. या वेळात नोकरीच्या मुलाखतीची तयारी. या कोंबडीचा उपयोग काय?"

शिंपीणबाईंनी कोंबडी जवळ ओढली. आठवडाभर त्या दवाखान्यात, कचेरीत, साहेबांपुढे उत्तरंच देत असत. कुणी काही विचारत नसे असा हा एकच तास.

"साहेब, देवानं मोर केला तेव्हा त्याला कुणी उपयोग विचारला होता?"

"मोर सुंदर असतो."

"आणि पाणघोडा?" जुळ्यांची आई मध्येच म्हणाली.

"देवाचाही एखादा मंगळवार असणारच की," शिंपीणबाई म्हणाल्या. "बसा. एक बिनकामाची वस्तू करून दाखवा. जमली तर खुशाल तास बंद करा."

साहेब बाह्या सरसावून बसले. कागदांवर ठेवायचं वजन केलं.

"उपयोगाचं. मोडा," ताई म्हणाल्या.

पेनं ठेवायचा डबा केला.

"मोडा!" आता सगळ्या आया एका सुरात.

साहेबांना घाम फुटला. शेवटी चार पाय आणि तीन कान असलेलं काहीतरी उभं राहिलं.

"हे काय?"

"देव जाणे," साहेब म्हणाले आणि फिस्सकन हसले.

साहेब पैज जिंकले होते. शिंपीणबाईंनी कोंबडी पदराखाली घेतली.

साहेब मात्र त्या तीनकान्याकडेच बघत होते. "मुलाखतीचं बुधवारी बघू," ते म्हणाले. "पुढच्या मंगळवारी मला याला शेपूट लावायचंय."

"छे हो! तास आयांचा आहे," शिंपीणबाई म्हणाल्या. "तुम्ही पलीकडे मुलं सांभाळा. शेपटाचं आम्ही बघतो."