मांडीवर आणि खांद्यावर

नणंद आणि भावजय एकाच कारखान्यात एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसत. मधल्या जागेत कुणी चहाचा कप विसरला, तरी तो समोरचीनंच मुद्दाम ठेवलाय असं दोघींना वाटे.

कारखाना भावजयीच्या सासऱ्यांचा, म्हणजे नणंदेच्या वडिलांचा. खेळ खेळणाऱ्यांसाठी छोटे पण दणकट ताकदीचे लॅपटॉप तिथं तयार होत. नणंद बाहेरचं अंग बघे: पत्रा, जाडी, वजन. भावजयीकडे आतला कारभार होता, पंखे आणि तांब्याच्या नळ्या. एकीला मशीन फुलासारखं हवं, दुसरीला बैलासारखं. एक जण जाडी कमी करी, की दुसरीच्या पंख्याला जागा उरत नसे. दुसरीनं पंखा मोठा केला, की पहिलीचा पत्रा फुगे. भावजयीचा नवरा बाराही महिने विक्रीच्या दौऱ्यावर. "माल विकायला नाही, घर चुकवायला जातो," असं सासरे म्हणत.

शेवटी सासरेही कंटाळले. म्हणाले, "दोघी आपापलं एकेक मशीन करा. खरेदीदार जिच्या मशीनला हो म्हणेल, तिची ही माझी खुर्ची. दुसरीनं तिच्या हाताखाली राबायचं. नाही जमत, तर दुसरीकडे पोट भरायचं."

भावजयीचा एक नेम होता. रोज सकाळी देवापुढे हात जोडून ती म्हणे, आज माझ्या तोंडून कुणाला उणा शब्द जायला नको. तो नेम तिनं कधी मोडला नव्हता, आणि नणंदेला नेमका तोच झोंबे. "एकदा शिवी दे गं मला," ती म्हणे. "तुझ्या गोड बोलण्यानं मुंग्या लागायच्या अंगाला."

खरेदीदार आला. गावोगाव दुकानं असलेला, मोठ्या पोटाचा, कमी बोलणारा माणूस. नणंदेनं आपलं मशीन दोन बोटांवर तोलून दाखवलं. "बघा, पापुद्रा आहे पापुद्रा!"

मग भावजयीनं आपलं सुरू केलं आणि त्याचे पंखे घुमायला लागले.

"गिरणी कुणी चालू केली?" नणंद म्हणाली.

"गिरणीच, वन्सं," भावजय हळूच म्हणाली. "निदान दळण तरी पडतं."

खरेदीदार हसला. नणंदेला ते हसणं सहन झालं नाही. तिनं घाईघाईनं आपलं मशीन टेबलावर मांडलं, मागच्या कडेखाली दोन बुचं सरकवली आणि मोटारींच्या शर्यतीचा खेळ लावला. गाडी वाऱ्यासारखी पळत होती.

ती बुचं म्हणजे या कारखान्याची रीत होती. सासरे पूर्वी दुरुस्तीचं दुकान चालवत. मशीन उलटं न करता खालून डोकावता यावं म्हणून ते त्याखाली दोन बुचं ठेवत. दुकानाचा कारखाना झाला तरी बुचं राहिली. इथं प्रत्येक मशीनची परीक्षा बुचांवर टेकवूनच होई, आणि तसं का, हे कुणी विचारलं नव्हतं. नणंदेचं मशीन हवा खालून ओढे. बुचांमुळे खाली फट राही, म्हणून ते प्रत्येक परीक्षेत पास झालं होतं.

भावजयीच्या हे आधीच लक्षात आलं होतं. ती बोलली नव्हती. न बोलणं म्हणजे काही उणा शब्द नव्हे.

"वन्सं," ती आता म्हणाली, "टेबलावर कोण खेळतंय हल्ली? मांडीवर घेऊन दाखवा ना यांना. एवढं हलकं केलंत, जरा कौतुक होऊ दे."

"बरोबर," खरेदीदार म्हणाला. "माझी पोरगी पलंगावर लोळूनच खेळते."

नणंदेची नजर बुचांवर गेली. तिथून ती भावजयीच्या चेहऱ्यावर आली आणि तिथंच थांबली. तिला कळलं. पण नाही म्हणणं म्हणजे खुर्ची सोडणं. तिनं मशीन वायरीसकट मांडीवर घेतलं.

"मग हिचंही होऊन जाऊ दे," ती म्हणाली. "ते धूड चार्जरसकट पिशवीत घालून खांद्यावर घे आणि उभी राहा म्हणावं. पोरांनी कॉलेजात न्यायचंय ना? का सोबत हमाल देणार आहे ही?"

खरेदीदाराला गंमत वाटली. "चालेल. जी आधी खाली ठेवेल..."

"ती हरली," सासऱ्यांनी वाक्य पुरं केलं. ते मात्र गंमत करत नव्हते.

भावजयीनं पिशवी खांद्याला लावली. चार्जर म्हणजे निव्वळ वीट. पट्टा गळ्याजवळच्या हाडावर बसला आणि हळूहळू आत रुतायला लागला. तिकडे नणंदेच्या मांडीवर हवेची वाट बंद झाली होती. पडद्यावरची गाडी आधी दमली, मग उचक्या द्यायला लागली. मशीन स्वतःला वाचवायला स्वतःचा वेग कमी करत होतं. नणंदेला तशी सोय नव्हती.

"ऊब बरी वाटते का, वन्सं?"

"छान वाटते. तुझा खांदा गं एका बाजूनं उतरला. असाच राहिला तर दौऱ्यावरचा तिकडेच राहील."

"ते तसेही तिकडेच असतात."

नणंदेच्या कपाळावर घाम आला. तिनं पाय हलवला नाही. भावजयीची बोटं बधिर झाली. तिनं खांदा बदलला नाही. सासरे एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. खरेदीदाराच्या चेहऱ्यावरची गंमत केव्हाच ओसरली होती.

तो उठला. "एक उचलवत नाही, एक मांडीवर ठेववत नाही," तो म्हणाला. "मी दोन्ही नेऊन काय करू? थोडं जाड चालेल, थोडं जडही चालेल. पण मला एकच मशीन द्या, दोघींनी मिळून केलेलं. तोवर माझी ऑर्डर नाही."

'मिळून' या शब्दाला दोघींचेही चेहरे सारखेच आक्रसले. तेवढ्यापुरत्या त्या सख्ख्या बहिणी दिसल्या.

त्याच्या मागं दार लागलं. सासरे जाऊन आपल्या खुर्चीत बसले, मागे रेलून, चांगले ऐसपैस. "ऐकलंत? ही खुर्ची कुणालाच नाही. ठेवा आता खाली."

कुणीच ठेवलं नाही.

"अगं, गेला तो! कुणाला दाखवताय?"

त्यांनी उठून भिंतीवरचं बटण बंद केलं. नणंदेच्या मशीनला आता बॅटरीचाच आधार होता, आणि पातळपणापायी ती बॅटरी तिनंच अर्धी करून टाकली होती. गाडी थोडी रखडत गेली आणि पडदा काळा झाला. पंख्याची बारीक शीळ थांबली. तरी नणंदेनं मेलेलं मशीन दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरलं होतं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

भावजयीनं ते पाहिलं.

"वन्सं, ठेवा आता. भाजलं असेल."

"तू आधी."

"असं कसं? तुम्ही मोठ्या आहात. तुमचा मान."

यात एकही शब्द उणा नव्हता. पट्ट्याखाली खांदा ठणकत होता. त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, की एखादी शिवी यापेक्षा स्वच्छ निघाली असती.

सासऱ्यांनी टेबलावरची दोन बुचं उचलली आणि खिडकीतून बाहेर भिरकावली. मग जिना उतरून निघून गेले.

"आधी तू," नणंद म्हणाली.

"आधी तुम्ही, वन्सं."