पंखाची पलीकडची बाजू

तपासनिसाने विमानाच्या पंखावर अंगठा दाबला, आणि तो सरळ कापडातून आत गेला.

“काका, कापड कुजलंय. नवं चढवा, नाहीतर उडवू नका. लेकीच्या जिवाशी खेळ नको,” असं म्हणून तो निघून गेला.

गल्लीत सगळे काकांना ‘पायलटसाहेब’ म्हणत. गडी मुळात शिलाई मशीन दुरुस्त करणारा! घरामागच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं खपून त्याने एका माणसापुरतं विमान केलं, तेव्हा लोक पोट धरून हसले. ते उडालं, तेव्हा तेच लोक बघायला छपरांवर चढले. आता त्याची नजर अधू झाली होती. उडवणार होती लेक, तशी ती शिकलीही होती.

पण नवं कापड चढवायचं म्हणजे जुने टाके कापायचे. आणि ते टाके बायकोचे होते. ती आता नव्हती.

पंख उभा करून अलीकडे तो बसायचा, पलीकडे ती. त्याने लांब सुई आरपार घालायची, तिने दोरा ओढून, पंखातल्या लाकडी फासळीला वळसा देऊन सुई परत पाठवायची. गाठ मात्र तिनेच मारायची. “तुमची गाठ म्हणजे गोणीचं तोंड!” म्हणत तिने ते काम त्याच्याकडून काढून घेतलं होतं. संसारातली निम्मी भांडणं त्या पंखाआडूनच झाली. तोंड दिसत नाही म्हटल्यावर दोघांच्याही जिभेला हाड नसायचं. एकदा ती रुसून गप्प झाली. त्याला वाटलं, उठून गेली. पण सुई परत येतच राहिली. काय दिवस होते ते!

“बाबा, राहू दे,” लेक म्हणाली. “असंच ठेवू शेडमध्ये. मला नाही उडवायचं.”

“खोटं बोलू नकोस. आईवर गेलीयस, लगेच नाक लाल होतं.”

तो ब्लेड घेऊन बसला. कापड एका झटक्यात फाडता आलं असतं, पण त्याने एकेक गाठ कापली. कापड गेलं होतं तरी गाठ एकही ढिली नव्हती. त्याच्या डोळ्यांना धार लागली. लेकीने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

“रडतोय मी,” तो म्हणाला. “तिकडे काय बघतेस? रडू आलं की रडावं माणसाने.”

नवं कापड ताणून बसवलं, पंख उभा केला. लेक पलीकडे, आईच्या स्टुलाकडे निघाली.

“तिथे नको. तू माझ्या जागी बस.”

“अरे पण गाठी? तुला कुठे जमतात?”

गुडघ्यांवर हात टेकत तो पलीकडे जाऊन बसला. सुई आली. त्याने गाठ मारली. वाकडी आली. कापली, पुन्हा मारली.

“बाबा, सुई पाठव ना!”

“थांब गं. या गाठीच्या भरवशावर वर जाणारेस तू,” तो म्हणाला, आणि तीही गाठ कापून त्याने पुन्हा दोरा हातात घेतला.