अजिंठ्याच्या वाटेवर आबा

रावेरच्या बौद्धवाड्यातल्या महिला मंडळाची अजिंठ्याची सहल ठरली, तेव्हा द्रौपदाबाईनं सगळ्यांत आधी नाव दिलं होतं. लग्न होऊन आल्यापासून ती एकटी अशी कुठं गेलीच नव्हती. माहेरी जायचं तरी एक पोर कडेवर आणि एक बोटाला. केळीच्या वखारीतून एक दिवसाची सुटी मागून घेतली, पोरांना जावेकडं सोपवलं, ठेवणीतलं निळं लुगडं काढून ठेवलं. आणि आदल्या संध्याकाळी सासरा दारात उभा राहून म्हणाला, "मी बी येतो."

"आबा, बायायची सहल हाये ती."

"मंग? ड्रायव्हर काय बाई हाये?"

नवरा पंडित हसला आणि जेवायला बसला. द्रौपदाबाई मात्र रात्रभर धुसफुसत राहिली. झिपरू आबांचे गुडघे कधीचे गेलेले. त्यांना सांभाळण्यातच आपला दिवस जाणार, हे तिला दिसत होतं.

मेटॅडोर जळगाव, पहूर करत फर्दापूरला आली आणि लेण्यांच्या पायथ्याशी थांबली. बायका उतरून भराभर पायऱ्यांकडं निघाल्या. मंडळाची अध्यक्ष बेबाबाई ओरडली, "चारच्या ठोक्याले गाडी सुटीन! मांगं राहील तो राहील."

आबा पहिल्याच वळणावर कठड्याला धरून उभे राहिले. तोंडानं श्वास चालला होता. तेवढ्यात चार माणसं डोली घेऊन आली. दोन लांब बांबूंच्या मध्ये बांधलेली खुर्ची. त्यांच्यातला पुढचा, पुना नावाचा, डोक्याचा रुमाल सोडत म्हणाला, "बसा बाबा. आरामात सगळी लेणी दाखवून आणतो."

द्रौपदाबाईला हायसं वाटलं. कनवटीला पैसे होते, पंडितनं त्यासाठीच दिले होते. पण आबांनी हात झटकला.

"मी नही बसत. मानसाच्या खांद्यावर मानसानं बसाचं का?"

"बाबा, सकाळपासून भवानी झाली नाही."

"भवानीचे पैशे घे. बसनार नही."

"फुकटचे नकोत," पुना म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. डोली उचलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकामागं गेला.

द्रौपदाबाईचा संताप डोळ्यांत उतरला. वर बायकांचा हसण्याचा आवाज लांब लांब जात होता. आबांचा हात खांद्यावर घेऊन ती चालू लागली. दहा पावलं की थांबा. दहा पावलं की थांबा. पहिल्या लेण्यात शिरले तेव्हा मंडळाच्या बायका केव्हाच पुढं गेल्या होत्या. आत गार अंधार होता. राखणदारानं दिवा भिंतीवर धरला आणि हातात कमळ घेतलेला, डोळे झुकवलेला एक चेहरा उजळला. आबा पाहत राहिले. दुसरा घोळका आला, पाहून गेला, तरी ते पाहत राहिले. घाई करायची सोयच नव्हती, म्हणून तीही पाहत राहिली. भिंतीवर हत्ती होते, माकडं होती, पाणी भरणाऱ्या बाया होत्या. एकीच्या कमरेवरचा हात थेट तिच्या आईसारखा होता.

दहाव्या लेण्यापुढच्या सावलीत आबा बसले. तिनं भाकरी-ठेचा सोडला. खाता खाता ते आपणहून बोलू लागले.

"हे पाह्य," त्यांनी सदऱ्याची कॉलर ओढली. उजव्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ होती. आंघोळीच्या वेळी तिनं ती कितीदा पाहिली होती. जन्माचीच असेल, असं धरून चालली होती.

"देशमुखाची म्हतारी जत्रेले जाये. मेणा आमच्या खांद्यावर. चढ असो का चिखल, ती म्हने तव्हाच खाली ठेवाचा. एक डाव माह्या पायात काटा भरला. भलता मोठा. मी म्हनलं, घडीभर ठेवू द्या. तं ती म्हने, हं, चाला." ते थांबले. "देवळाच्या पायरीपाशी आमी उभे. आत नही जाऊ दे."

"आमाले कधी सांगतलं नही तुम्ही."

"काय सांगाचं त्यात?"

तिच्या मनातला राग कुठं गेला ते तिलाच कळलं नाही. उरलेली भाकरी तिनं फडक्यात बांधली आणि म्हणाली, "चाला आबा. सव्वीस नंबरचं पाहू. ते निजेल बुद्ध हाये न, विहारातल्या कॅलेंडरवरचे, ते तिथंच हायेत."

पोचायला तीन वाजले. परतणाऱ्या बायका वाटेत भेटल्या, बेबाबाईनं घड्याळ दाखवलं, पण द्रौपदाबाई थांबली नाही. आत डाव्या भिंतीला तथागत कुशीवर पहुडले होते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. डोक्याखाली हात, मिटलेले डोळे. द्रौपदाबाईनं पिशवीतून मेणबत्ती काढली, तर राखणदार म्हणाला, "आत लावू नका बाई, चित्रं काळी पडतात." तिनं ती परत ठेवली. दोघांनी हात जोडून हळू आवाजात त्रिसरण म्हटलं. राखणदार बाजूला होऊन उभा राहिला.

खाली दगडात माणसं कोरलेली होती, कुणी मान टाकून, कुणी गालाला हात लावून बसलेलं.

"हे रडू राह्यले का?" आबांनी विचारलं.

"हो आबा."

आबा कितीतरी वेळ तथागतांच्या पायांशी उभे होते. आणि वळले तसे गुडघ्यांतून खाली बसले. उठता येईना. तिनं धरलं, राखणदारानं धरलं, पण पाय उभेच राहीनात.

द्रौपदाबाई पळत सुटली. पुना अर्ध्या वाटेवर गिऱ्हाईक उतरवून विडी ओढत बसला होता. येता येता तिनं त्याला सगळं सांगितलं, गाठीचं, काट्याचं. त्यानं विडी टाकून दिली.

डोली पुढं ठेवून तो आबांसमोर उकिडवा बसला. "बाबा, एक अट आहे. दम लागला की आम्ही खाली ठेवू. तुम्हाला विचारणार नाही. आमची मर्जी. चालतंय का?"

आबांनी त्याच्याकडं निरखून पाहिलं. मग ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "चालते," ते म्हणाले आणि त्याचा हात धरून खुर्चीत बसले.

पण बसले तरी गप्प कसले बसतात? "खांदा बदला रे." "उतार हाये, मांगच्यानं दाबून धरा." "घाम आला न तुले? ठेव, ठेव खाली." पुना म्हणायचा, "बाबा, अजून दम लागला नाही," तरी हे खुर्चीतून एक पाय खाली सोडायचे. पायी आले असते तर लवकर पोचले असते. मागून येणारी द्रौपदाबाई पदर तोंडाला लावून हसत होती.

गाडीपाशी बेबाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. पाच वाजून गेले होते, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. "काय व द्रौपदा, लाज हाये का काही? तुह्या पायी बठ्ठ्या बाया खोळंबल्या!"

"खोळंबू द्या," द्रौपदाबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच नवा वाटला. "आबा चहा घेतीन, मंग निंघू."

आबांनी टपरीवर सहा चहा सांगितले. पुनाला आणि त्याच्या तिघा साथीदारांना बाकावर बसवलं, सूनबाईला शेजारी बसवलं. पुनानं या खेपेला पैसे मोजून घेतले, बशीत चहा ओतला आणि फुर्रकन प्यायला. आबा त्याला त्याच्या गावाचं, पावसापाण्याचं विचारत बसले. मेटॅडोरचा हॉर्न पुन्हा वाजला. कुणी उठलं नाही.