पाय मोजत नाहीत

डॉक्टरीणबाई एकेक सांधा अंगठ्यानं दाबून बघत होत्या आणि काकी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. बोटं झाली, मनगटं, कोपरं, खांदे झाले, शेवटी गुडघे. एकूण अठ्ठावीस. दुखलं की सांगायचं. काकींनी उभ्या जन्मात कुणाला ‘दुखतं’ म्हणून सांगितलं नव्हतं. त्यांच्या जिभेनं दुखावलेल्यांची रांग मात्र लांब होती.

पण आज हातांची सूज खरंच उतरली होती. गोळ्या लागू पडल्या होत्या.

मग पुढ्यात कागद आला. त्यावर एक आडवी रेघ. डावं टोक म्हणजे काहीच त्रास नाही, उजवं म्हणजे सहन होत नाही. आपण कुठे आहोत तिथे खूण करायची. काकींनी डाव्या टोकाला चिकटून खूण केली.

“वा! दुखरे सांधे, सुजलेले सांधे, रक्ताची तपासणी आणि तुमची ही खूण, सगळं धरून आकडा चांगलाच खाली आलाय. आता गोळ्या कमी करायला हरकत नाही.”

काकींना हाच आकडा हवा होता. थोरल्या मुलानं बजावलं होतं, आजार हटला नसेल तर आपल्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलापाशी तुझ्या जागी धाकटी काकू उभी राहील, तू गल्ल्यावर बस. गल्ल्यावर बसायचं म्हणजे फोटोसारखं टांगून घ्यायचं. हार तेवढा घालायचा बाकी.

सोबत आलेली धाकटी जाऊ, म्हणजे हीच धाकटी काकू, कोपऱ्यात खाकरली. “जाऊबाई, पायांचं सांगा की.”

“तुला विचारलंय कुणी?”

“सकाळी भिंत धरून चालता. मोरीपर्यंत जायचं तर अर्धा तास.”

“गुडघ्याखालचे पाय यात मोजत नाहीत. मागच्या खेपेलाच विचारून घेतलंय मी.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “आकड्यात धरत नाहीत, खरंय. पण रोगाला कुठे ठाऊक आहे ते? बूट काढा बघू.”

काकी वाकल्या नाहीत. बुटाची नाडी सुटत नव्हती त्यांना; रोज बूट तसेच ओढून घालायच्या. जाऊच खाली बसली, गाठ सोडली, टाच धरून बूट सावकाश उतरवला. आजवर तिनं हे पाय पाहिले होते ते पाया पडताना, पण खालमानेनं असं कोण निरखून बघतं? बोटं एकमेकांवर चढली होती, चवडा फुगून तकाकत होता.

“अगं बाई,” एवढंच म्हणाली ती.

“तोंड मिट, माशी जाईल.”

डॉक्टरीणबाईंनी चवडा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला मात्र, काकींच्या तोंडून किंकाळी निघाली. बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. काकींनी डोळे मिटून घेतले. इतक्या दिवसांचा शीण एकदम अंगावर आला. नाटक करायचंही वय असतं.

“गोळ्या कमी नाही करायच्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पायांचे फोटो काढू, मग बहुतेक इंजेक्शन सुरू करू. उभ्यानं काम बंद. आणि ही खूण पुन्हा करा. खरी.”

काकींनी पेन घेतलं. रेघेवरून ते सरकत राहिलं, निम्मं ओलांडलं, आणखी पुढे गेलं. खूण करून त्यांनी कागद परत दिला, बघितलासुद्धा नाही.

काकी बाहेर बाकावर बसल्या, तशी जाऊ बूट हातात घेऊन उभी राहिली. आनंद झाला असेल तर तो तिनं चांगला गिळला होता.

“उभी काय राहिलीस? बस,” काकी म्हणाल्या. “हे बघ, आधी कॉलर, मग बाह्या. आणि पाणी शिंपडायचंय, झाडांना नाही घालायचं.”

“इतकी वर्षं तुमच्या मागे घड्या घालतेय, जाऊबाई. एवढं कळतं मला.”

“कळतं गं,” काकी थकून म्हणाल्या. “तेच तर.”

आणि त्यांनी उजवा पाय पुढे केला. जाऊ बूट चढवायला खाली बसली.