खुंटीवरच्या डब्या

स्वयंपाकघराच्या ओट्याचे दगड कापायच्या कारखान्यात मुकादमाने एकोणीस वर्षं काढली. आज तो आरोग्य कार्यालयाच्या बाकावर बसला होता आणि दोन जिने चढल्याची धाप अजून बसत नव्हती. शेजारी मेहुणा बारक्या, वय चौतीस, दिसायला पन्नाशीचा. बायकोच्या या धाकट्या भावाला कामाला लावलं होतं त्यानेच. दोघांना एकच कागद हवा होता: छातीचा आजार कामातूनच झाला, असं लिहिलेला. तो मिळाला तर मोठ्या इस्पितळात उपचारासाठी नाव लागणार होतं. नाही मिळाला तर घरी बसून खोकायचं.

गेल्या वर्षी कारखान्यात मशीन आलं. काचेच्या बंद खोलीत, पाण्याच्या धारेखाली, ते आपलं आपण दगड कापतं. बटणापाशी दोन माणसं, बाकी एकतीस घरी. हवा आता अशी की पांढरा शर्ट घालून उभं राहावं. धूळ जरा वाढली की मशीन थांबतं, कारण धुळीने त्याचे भाग खराब होतात. माणसं इतकी वर्षं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी घरी जात होती, तेव्हा मात्र काही थांबलं नाही. माणसाचे भाग मालकाला थोडेच विकत आणावे लागत होते!

मुकादमाचा नंबर आधी लागला. आत डॉक्टरबाईंनी त्याच्या छातीचा फोटो उजेडात धरला.

"छाती खराब झालीय, ते दिसतंय. पण कंपनी म्हणते, आधी तुम्ही दुसरीकडेही दगडाचंच काम करत होता. आणि इथल्या नोंदी बघा. दरवर्षी धूळ मोजलीय, दरवर्षी ती मर्यादेच्या आत."

मुकादमाने मान खाली घातली. ती धूळ कशी मोजली गेली, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्षातून एकदा तपासनीस येऊन प्रत्येकाच्या कॉलरला एक डबी लावून जायचा. दिवसभर हवा ओढून ती धूळ गोळा करायची. कामगारांनी तिचं नाव ठेवलं होतं चहाडखोर. तिने चहाडी केली तर कारखाना बंद होईल, मग खायचं काय? मालक तोंडाने कधी काही बोलला नाही, त्याला बोलायची गरजच पडली नाही. तपासनीसाची पाठ वळली की मुकादम सगळ्या डब्या गोळा करायचा आणि जेवणाच्या खोलीत, उघड्या खिडकीपाशी, खुंटीवर टांगून ठेवायचा. संध्याकाळी पुन्हा ज्याची त्याला. आपण किती शहाणे, म्हणून सगळे हसायचे. आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायला आणखी वेगळं काय करतात?

त्याने सगळं सांगून टाकलं. "लिहून देतो. सही करतो. माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण कारखान्यातल्या पोरांना कागद द्या."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण तुम्ही लिहून दिलंत तर त्या नोंदी बाद होतील, एवढंच. नियमाला मोजलेली धूळ लागते."

"मग आता मोजा ना!"

"काय मोजू? तिथे आता मशीन आहे, काका. हवा स्वच्छ आहे."

मुकादम बाहेर आला. बारक्या सरसावून बसला.

"काय म्हणाल्या, भावोजी?"

खोटं बोलायचं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण खोट्याचा त्याला आता वीट आला होता. त्याने जे झालं ते सांगितलं.

"पहिल्या वर्षी मी डबी काढायला तयार नव्हतो," बारक्या हळूच म्हणाला. "तुम्ही कॉलरवरून ओढून काढलीत. म्हणालात, सगळ्यांच्या पोटावर पाय आणशील. आठवतं?"

"हो."

"मला वाटलं, भावोजी सांगतायत म्हणजे माझ्या भल्याचंच असणार."

मुकादमाला वाटलं, याने आता आपल्याला शिव्या घालाव्यात, आईबापाचा उद्धार करावा, चारचौघांत तोंडावर थुंकावं. तो वाट बघत बसला. बारक्याने तोंड उघडलंही, पण खोकला आला. शिव्या द्यायलाही दम लागतो, आणि तेवढा त्याच्याकडे उरला नव्हता.